धुवायची वीस मिनिटं

दार लाव, निल्दा. कडी नुसती अडकवू नकोस, दाबून बसव.
खालच्या फटीला पोतं सार.
आता थोडा वेळ काहीच करायचं नाही.
डोळ्यांची आणि अंधाराची ओळख होऊ दे,
मग हा लाल दिवा पुरतो.

बाहेर दोन अंश आहे. आपल्या पोतोसीत
पाणी शहाऐंशीलाच उकळतं आणि बघता बघता गार पडतं,
म्हणून डेव्हलपरची बाटली घमेल्यातल्या कोमट पाण्यात ठेवायची.
वीस म्हणजे वीस. एकोणीसवर भागवायचं नाही.
डॉक्टर रेम्बेर्तो बाहेरून ओरडतील, झालं का, झालं का.
ओरडू देत. घाई त्यांची, फिल्म आपली.

पाकीट फाड. काळा कागद, शिशाचा पत्रा,
आणि त्यांच्या मधे ती, टपालाच्या तिकिटाएवढी.
कडेनंच धर. एका कोपऱ्यात बोटाला पुटकुळी लागेल.
ते टिंब सांगतं उजवं कोणतं आणि डावं कोणतं.
ते चुकलं तर धडकी दाढ उपटली जाते
आणि माणूस उरलेल्या दुखऱ्या दाढेनिशी
जन्मभर आपला उद्धार करतो.

चिमट्याला लाव. बुडव. एकदा हलव, बुडबुडे सुटू देत.
पाच मिनिटं.
पूर्वी मी एवढ्या वेळात तीन प्रार्थना म्हणायचे.
आता नुसती मोजते.

बघ, काळं धरायला लागलं.
हाडाची जाळी, मुळांचे पाय,
आणि हा ठिपका, पांढरा तो पांढराच.
तिथं दातात चांदी भरलेली आहे.
गंमत बघ, जिथं माणसाच्या तोंडात चांदी,
तिथं फिल्मवर चांदीचा कण राहत नाही.
किरण अडला, की तिथली सगळी
फिक्सरमध्ये विरघळून जाते.

तो निळा पिंप फिक्सरचाच.
दर तीन महिन्यांनी ओरुरोहून हुवेनाल येतो,
पिंप हलवून बघतो, नाक मुरडतो, भाव पाडतो,
आणि घरी जाऊन त्यातून चांदी काढतो.
माझ्या ताताला हे सांगितलं तेव्हा तो खोकत खोकत हसला.
एकतीस वर्षं त्यानं डोंगराच्या पोटात छिन्नी मारली.
म्हणाला, साली आमच्या हाती लागली नाही ती
तुमच्या सांडपाण्यात होय!

त्याचीही एक फिल्म आहे. खालचा जबडा, डावी बाजू,
जिकडे कोकाची पानं तो गालात धरायचा.
कार्निवलचा शनिवार होता. खाली गल्लीत बँड,
माझे नवे बूट, वाट बघणाऱ्या मैत्रिणी.
डेव्हलप नीट केली. फिक्सरही नीट.
धुतली मात्र मिनिटभर,
नळाखाली धरली, झटकली, टांगली, पळाले.

त्या दिवशी ती स्वच्छ दिसत होती.
हेच तर आहे, निल्दा. त्या दिवशी सगळ्याच स्वच्छ दिसतात.

तातानं कधी फोटो काढू दिला नाही.
टोपी डोळ्यांवर ओढायचा आणि तोंड फिरवायचा.
तो गेल्यावर मी फायलीतून हीच घरी आणली.
आता कडांकडून तपकिरी होत चाललीय,
चहात पाव भिजावा तशी. दोन दाढा गेल्या.
तिसरीचं मूळ अजून दिसतं,
खिडकीशी, सकाळी, तिरकी धरली तर.
परत धुऊन बघितली. काही उपयोग नाही.

चल. फिक्सरमधून काढ, निथळू दे.
नळ सोड. एवढा नको, टाकी दुपारपर्यंत पुरवायचीय.
बारीक धार, पण सलग.
हे कुणाचं आहे? पाकिटावर बघ.
चोकेविल्का, सातुर्निनो. खाणीतलाच असणार.
वीस मिनिटं.
तू जेवून ये हवं तर.
मी उभी राहते.